१९७९ ते १९८५: जुन्या हिप हॉप आणि इलेक्ट्रो रेकॉर्ड जमवताना

हिप हॉपच्या जुन्या रेकॉर्ड जमवायला लागलं की पहिला गोंधळ भावाचा होतो. जी रेकॉर्ड सगळ्या जगाला ठाऊक आहे ती स्वस्तात मिळते. जिचं नाव हार्लेमच्या चार रस्त्यांपलीकडे गेलं नाही, तिच्यासाठी लोक महिन्याचा पगार मोजायला तयार असतात. शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट' (१९७९) किंवा आफ्रिका बंबाटा अँड द सोलसॉनिक फोर्सचं 'प्लॅनेट रॉक' (१९८२) लाखांनी खपलं, त्यामुळे आजही त्यांचा तुटवडा नाही. त्याच काळातल्या छोट्या लेबलांची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपन्यांची, गोष्ट वेगळी.

हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर बॉबी रॉबिन्सनचं रेकॉर्डचं दुकान १९४६ पासून होतं. 'एन्जॉय' हे त्याचंच लेबल. रॅप खपतंय असं दिसल्यावर त्याने १९७९ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं 'सुपररॅपिन' काढलं, फंकी फोर प्लस वन मोअरचं 'रॅपिन अँड रॉकिंग द हाउस' काढलं, पुढे स्वतःचा पुतण्या स्पूनी जी याच्याही रेकॉर्ड काढल्या. हा माल बड्या कंपन्यांच्या जाळ्यातून देशभर जाणारा नव्हता. दुकानातून उचलला की तो थेट आसपासच्या डीजेंच्या पेटीत. त्यांनी तो जपून ठेवला नाही, वाजवला. हाताने मागेपुढे फिरवला, पार्ट्यांना नेला, मित्रांना दिला. म्हणून या छंदात दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने शिकायच्या असतात: हातातली प्लेट (म्हणजे रेकॉर्ड) नक्की कोणत्या प्रेसिंगची, म्हणजे कोणत्या वेळच्या छपाईची आहे, आणि ती नेमकी कुठे झिजली आहे. उरलेलं सगळं पैसा आणि सबुरी यांच्यावर.

आधी गल्ली ठरवा

'जुनं हिप हॉप' एवढंच डोक्यात ठेवून खरेदीला निघालात तर वर्षभरात घरात एक बेताल ढीग जमेल. एक गल्ली पकडा.

पहिली गल्ली १९७९ ते १९८१ ची. ब्रॉंक्समध्ये १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू इथे डीजे कूल हर्कची ती गाजलेली पार्टी ११ ऑगस्ट १९७३ ची, पण पुढची सहा वर्षं हे संगीत पार्ट्यांत आणि कॅसेटवरच राहिलं. १९७९ मध्ये फॅटबॅक बँडचं 'किंग टिम थ्री' स्प्रिंग लेबलवर आलं, पाठोपाठ 'रॅपर्स डिलाइट', आणि मग झुंबड उडाली. मागे डिस्को वाजवणारा जिवंत बँड आणि वर रॅप असा हा बाज. एन्जॉय, पॉल विनली, शुगर हिल ही त्यातली मुख्य नावं. मोठ्या कंपनीने हात घातलेला पहिला रॅपर कर्टिस ब्लो. त्याची 'द ब्रेक्स' (१९८०) मर्क्युरीवर असल्याने सहज सापडते.

दुसरी गल्ली इलेक्ट्रोची, म्हणजे यंत्रांवर रचलेल्या संगीताची, १९८२ पासूनची. 'प्लॅनेट रॉक'मध्ये आर्थर बेकर आणि जॉन रोबी यांनी क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'ची सुरावट आणि 'नंबर्स'चा ठेका घेऊन रोलँडच्या टीआर-८०८ या ठेका वाजवणाऱ्या यंत्रावर बसवला आणि बँडची गरजच संपवली. टॉमी बॉय, कटिंग, सनीव्ह्यू, इम्पोर्ट/१२, प्रिझम ही लेबलं या गल्लीतली. हाशिमचं 'अल-नाफीश' (१९८३), मॅन पॅरिशचं 'हिप हॉप, बी बॉप' (१९८२), वॉर्प नाइनचं 'नंक' (१९८२), न्यूक्लिअसचं 'जॅम ऑन इट' (१९८४) ही काही ठळक नावं.

८०८ चा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. हे यंत्र १९८० ते १९८३ एवढीच वर्षं बनलं, सुमारे बारा हजार नग. १९८२ मध्येच मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच ८०८ आणि बेस वाजवणारं टीबी-३०३ हे यंत्र वापरून डिस्को ठेक्यावरचे दहा राग एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रित केले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभरचे लोक मूळ प्रत शोधायला लागले. आपल्याकडच्या जुन्या बाजारात या विषयाशी खरोखर नातं असलेली एखादी रेकॉर्ड निघण्याची शक्यता असेल तर ती हीच. ब्रॉंक्सचा माल चोरबाजारात सापडेल या आशेवर मात्र रविवार घालवू नका.

तिसरी गल्ली डेट्रॉइटची. हुआन अ‍ॅटकिन्स आणि रिक डेव्हिस यांच्या सायबोट्रॉनचं 'अ‍ॅलीज ऑफ युअर माइंड' (१९८१) त्यांच्याच डीप स्पेस लेबलवर निघालं. 'अ नंबर ऑफ नेम्स'चं 'शारीवारी' (१९८१) कॅप्रिचिओवर. पुढे सायबोट्रॉन फँटसी या मोठ्या लेबलवर गेले, म्हणून 'क्लिअर' (१९८३) तुलनेने हाताला लागतं. लॉस एंजेलिसची गल्ली म्हणजे इजिप्शियन लव्हर हा कलाकार आणि हॉलिवूडचा मॅकोला हा कारखाना, जो पैसे घेऊन येईल त्याच्या रेकॉर्ड काढून द्यायचा. मायामी शहरातला 'बेस' हा संगीतप्रकार ही पाचवी. ती मला स्वतःला फारशी पकडत नाही, त्यामुळे तिच्यावर सल्ला देत नाही.

नवख्याने न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रोपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. माल भरपूर, बहुतेक बारा इंची (एलपीएवढ्या आकाराच्या, पण एका बाजूला एकच गाणं असलेल्या) असल्याने आवाज दणदणीत, मागच्या बाजूला इन्स्ट्रुमेंटल किंवा डब, म्हणजे शब्द गाळून किंवा कमी करून वाद्यांवर भर दिलेली आवृत्ती, आणि भाव खिशाला झेपणारे. एन्जॉय आणि विनलीकडे नजर तयार झाल्यावर वळा.

कान तयार करा, तोही स्वस्तात

लंडनच्या मॉर्गन खान याच्या स्ट्रीट साउंड्स लेबलने १९८३ पासून 'इलेक्ट्रो' नावाची एलपींची मालिका काढली. अमेरिकेतून आयात केलेली महागडी बारा इंची गाणी एकाला एक जोडून एका एलपीवर. ब्रिटनमधल्या पोरांनी त्या इतक्या घेतल्या की आजही तिथल्या विक्रेत्यांकडे त्या स्वस्तात पडलेल्या असतात. पहिले चार-पाच खंड घ्या आणि कोणतं गाणं मनात राहतं त्याची लेबलसकट नोंद करा. गाणी जोडताना छाटलेली आहेत, त्यामुळे मूळ बारा इंची घ्यायला कारण उरतंच.

आणि नुसतं ऐकायचंच असेल तर अधिकृत पुनर्मुद्रण घ्यायला लाजू नका. झिजलेल्या मूळ प्रतीपेक्षा ते पुष्कळदा जास्त स्वच्छ वाजतं. मूळ प्रतीचा हट्ट हा संग्राहकाचा हट्ट असतो, कानाचा नव्हे; तो हट्ट असेल तरच पुढचं वाचा.

रनआउट वाचायला शिका

शेवटची खाच संपल्यावर सुई जिथे फिरत राहते, ती मधल्या कागदी लेबलाभोवतीची चकचकीत कोरी पट्टी म्हणजे रनआउट. संग्राहक तिला डेड वॅक्सही म्हणतात. टेबललॅम्पखाली प्लेट तिरकी धरा आणि हळूहळू फिरवा. अक्षरं दिसायला लागतील: काही हाताने कोरलेली, काही ठशाने उमटवलेली.

ती तिथे आली कशी हे कळलं की निम्मं काम झालं. मास्टरिंग करणारा तंत्रज्ञ लाखेच्या तबकडीवर खाचा कापतो आणि कडेला रिकाम्या जागेत नंबर, आद्याक्षरं, कधी एखादी खूण कोरतो. त्या तबकडीवरून धातूचे साचे बनतात आणि साच्यावरून रेकॉर्ड दाबल्या जातात. म्हणजे तंत्रज्ञाचं हस्ताक्षर त्या साच्याच्या प्रत्येक प्रतीवर जसंच्या तसं उतरतं. बनावट प्रत काढणाऱ्याकडे मूळ साचा नसतो. तो रेकॉर्ड वाजवून नवी लाख कापतो, आणि नंबर तोच लिहिला तरी हात दुसऱ्याचा असतो.

न्यूयॉर्कच्या त्या काळच्या बारा इंचींवर फ्रँकफर्ड/वेन या मास्टरिंग लॅबचा ठसा पुष्कळदा दिसतो, आणि त्याच्या जवळ 'हर्बी ज्युनियर' अशी सही व एक हसरा चेहरा. हा हर्ब पॉवर्स ज्युनियर. नाचायच्या संगीताच्या रेकॉर्ड कापण्यात त्याचा हात धरणारे थोडे. मास्टरडिस्क आणि स्टर्लिंग यांचेही ठसे असतात. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर बहुतेक रेकॉर्डच्या प्रत्येक आवृत्तीखाली रनआउटचा मजकूर अक्षरशः उतरवलेला असतो आणि बऱ्याचदा फोटोही असतो. आपल्या प्रतीचा मजकूर त्याच्याशी ताडून पाहायचा: नंबर, पुढची-मागची रेघ, ठसा आहे की कोरलेलं आहे, अक्षराचं वळण. एक गोष्ट ध्यानात ठेवा. अधिकृत पुनर्मुद्रणालाही नवी लाख लागू शकते, त्यामुळे हस्ताक्षर वेगळं म्हणजे प्रत बनावटच असं नाही. ती पहिल्या प्रेसिंगची नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आपल्या पेटीतले ब्रेक (गाण्यांतले नुसत्या ठेक्याचे तुकडे) इतरांना कळू नयेत म्हणून कूल हर्क रेकॉर्ड पाण्यात भिजवून त्यांची लेबलं काढून टाकायचा. लेबल उडालेली अशी एखादी प्लेट कधी हातात आली तर तिची ओळख पटवायला रनआउटशिवाय दुसरं काही उरत नाही.

लेबलही वाचायचं असतं, पण नंतर. 'रॅपर्स डिलाइट' हे 'शिक' या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'वर बेतलेलं होतं, आणि सुरुवातीच्या प्रतींवर त्या गाण्याचे गीतकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावंच नव्हती. त्यांनी कायद्याचा बडगा दाखवल्यावर ती आली. म्हणून गीतकारांच्या ओळीत ही दोन नावं आहेत की नाहीत, यावरून प्रत लवकरची की उशिराची ते कळतं. (याच गाण्यात शुगरहिल गँगमधला बिग बँक हँक दुसऱ्याच एका रॅपरच्या, ग्रँडमास्टर कॅझच्या ओळी म्हणतो, आणि त्यात कॅझचं टोपणनाव अक्षर-अक्षर सुटं करून म्हटलेलं तसंच राहिलं आहे. कॅझचं नाव मात्र लेबलावर आलं नाही.)

'बीट बॉप' ही या सगळ्याची कळसाची परीक्षा. रॅमेलझी आणि के-रॉब या रॅपरांची ही रेकॉर्ड १९८३ ची. ती काढली चित्रकार जाँ-मिशेल बास्कियाने, टारटाऊन या स्वतःच्या लेबलवर, स्वतःच्या काळ्या-पांढऱ्या चित्राच्या वेष्टनात, सुमारे ५०० प्रती. त्याच वर्षी प्रोफाइल लेबलने तेच गाणं बास्कियाच्या वेष्टनाविना बाजारात आणलं. प्रोफाइलची प्रत सामान्य माणूस घेऊ शकतो. टारटाऊनची मूळ प्रत आता लिलावगृहांत चित्रांच्या पंक्तीत विकली जाते. मधल्या काळात त्या चित्रासकट पुनर्मुद्रणंही निघाली आहेत, त्यामुळे कुणी 'टारटाऊन आहे' म्हणून फोटो पाठवला तर वेष्टन पाहून हुरळू नका. दोन्ही बाजूंच्या रनआउटचे फोटो मागा, आणि ते येईपर्यंत पैशांचा विषय काढू नका.

आणखी काही खुणा चटकन सांगतो. १९८० च्या छोट्या लेबलच्या प्लेटवर बारकोड दिसला तर ती नंतरची समजा. लेबलावरची बारीक अक्षरं फुगलेली किंवा कडा धूसर असतील तर ते बहुधा फोटोवरून छापलेलं लेबल आहे. बारा इंची सिंगल मधोमध गोल भोक असलेल्या साध्या वेष्टनात यायची, आणि वेष्टनं कायम अदलाबदल होत राहिली. म्हणून वेष्टन बरोबर आहे म्हणजे आतली प्लेट बरोबर आहे असं नसतं, आणि उलटही.

झीज कुठे पाहायची

गोल्डमाइन या रेकॉर्ड संग्राहकांच्या मासिकाच्या पद्धतीच्या श्रेणी सगळीकडे चालतात: मिंट, नियर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, गुड, पुअर. 'गुड' या शब्दावर जाऊ नका, ती प्रत वाजवण्याच्या लायकीची क्वचितच असते. पण या संगीतात श्रेणीपेक्षा झिजेची जागा महत्त्वाची.

डीजे गाण्याच्या सुरुवातीवर किंवा ब्रेकवर सुई ठेवतो आणि प्लेट मागेपुढे घासून ठेक्याची पहिली थाप शोधतो. पुन्हा पुन्हा तेच केल्याने त्या एवढ्याशा जागेची खाच जळते, संग्राहक तिला क्यू बर्न म्हणतात. प्लेट दिव्याखाली चकाचक दिसते, कुठे ओरखडा नाही, आणि वाजवली की पहिली पाच-सात सेकंदं भजी तळल्यासारखा चरचराट. पुढे आवाज निवळतो. म्हणून विक्रेत्याला 'कंडिशन कशी आहे' असा मोघम प्रश्न विचारू नये. विचारा: प्रत नुसती पाहून श्रेणी दिली की वाजवून? दोन्ही बाजूंची पहिली पंधरा सेकंदं रेकॉर्ड करून पाठवाल का? मधल्या ब्रेकची? फिरत्या टर्नटेबलवरचा कडेने घेतलेला व्हिडिओ पाठवाल का, म्हणजे वाकलेली आहे का ते कळेल? सरळ विक्रेता हे आनंदाने करतो. टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नये.

लेबलवरच्या मधल्या भोकाभोवती बारीक रेषांचं जाळं दिसलं तर प्लेट किती वेळा टर्नटेबलवर चढली याचा अंदाज येतो. लेबलवर पेनाने लिहिलेलं नाव, गतीचा आकडा, चिकटपट्टीचा तुकडा यामुळे भाव उतरतो. मला त्याचं काही वाटत नाही. १९८२ मध्ये ही प्लेट खरंच कुणाच्या तरी पेटीत होती याचा तो पुरावा आहे, आणि घासाघीस करायला निमित्तही.

सात इंचींबाबत एक सावधगिरी. त्या काळच्या अमेरिकेतल्या कित्येक सात इंची व्हिनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या असायच्या. त्या कडक, ठिसूळ असतात, सुईने लवकर झिजतात आणि क्यू बर्न तर लगेच होतो. शक्य असेल तिथे बारा इंचीच घ्या.

सीलबंद प्रतीचं आकर्षण आवरा. प्लॅस्टिक गुंडाळायचं यंत्र कुणालाही मिळतं, आणि सील फोडल्याशिवाय रनआउट वाचता येत नाही.

भाव

मागितलेला भाव हा भाव नव्हे. डिस्कॉग्जवर प्रत्येक आवृत्तीच्या विक्रीचा इतिहास दिसतो: शेवटची केव्हा विकली गेली, किमान, मध्यम आणि कमाल किती. पॉपसाइक या संकेतस्थळावर जुन्या लिलावांचे आकडे सापडतात. आवृत्ती तीच आहे ना आणि श्रेणी तीच आहे ना, हे पाहूनच तुलना करा; गोल्डमाइनच्या हिशेबात व्हीजी प्लस प्रत नियर मिंटच्या साधारण निम्म्या किमतीची धरतात. पाच वर्षांत दोनदाच विकली गेलेली रेकॉर्ड असेल तर 'मध्यम भाव' या आकड्याला काही अर्थ नसतो. तिथे समोरच्याशी बोलूनच ठरवावं लागतं.

इथे आणणं

अमेरिकेतून एक रेकॉर्ड मागवली तर टपालखर्च रेकॉर्डपेक्षा जास्त होऊ शकतो. त्यावर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी. म्हणून एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा एकदम घ्या. पहिल्या प्रतीनंतर प्रत्येक वाढीव प्रतीचा खर्च बराच कमी येतो. पाकिटावर 'गिफ्ट' लिहून किंमत कमी दाखवा असं विक्रेत्याला सांगू नका. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय प्लेट फुटली तर नुकसानभरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळेल.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा भाऊ, वहिनी नाहीतर मामेबहीण न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास असते. शुगर हिलचं ठाणं एंगलवूड तिथून गाडीने जाण्याजोगं. म्हणजे हा माल मुळात त्याच भागातला. रेकॉर्ड त्यांच्या पत्त्यावर मागवा, देशांतर्गत टपालाने ती स्वस्तात पोचते, आणि कुणी गणपतीला किंवा दिवाळीला येईल तेव्हा सोबत येते. मात्र नातेवाइकांना आधी दोन गोष्टी सांगून ठेवा: खोका गॅरेजमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ठेवायचा नाही, आणि विमानात तो हातातल्या बॅगेत आणायचा. सुमारे साडेएकतीस सेंटीमीटर चौरस वेष्टन बहुतेक केबिन बॅगांत बसतं, पण आधी मोजून घ्यायला सांगा. आणि वहिनींना एका खेपेला चार-पाचपेक्षा जास्त देऊ नका, पुढच्या वर्षीही त्यांनीच आणायच्या आहेत.

पॅकिंगबद्दल विक्रेत्याला आवर्जून लिहा: प्लेट वेष्टनाबाहेर काढून, आतल्या कागदी पिशवीसकट वेष्टनाच्या मागे ठेवायची, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठे. नाहीतर प्रवासात प्लेटच्या कडेने वेष्टनाची शिवण फाटते. एप्रिल-मे टाळा. कुरिअरच्या गोदामात पत्र्याखाली दोन दिवस पडलेली प्लेट वाकूनच घरी येते, विदर्भात तर हमखास.

घरी आल्यावर

वाजवण्याआधी धुवा, कितीही स्वच्छ दिसली तरी. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे एक-दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल पुसणं आणि मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा. लेबल भिजता कामा नये. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचांत बसतात. पॉलिस्टायरीनच्या सात इंचीला अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका. आणि ती सूटकेससारखी दिसणारी स्वस्त प्लेअरं या रेकॉर्डसाठी नाहीत. त्यांची सुई जड असते.

जुनी कागदी आतली पिशवी बदलून अँटिस्टॅटिक घ्या, जुनी फेकू मात्र नका, तिच्यावर लेबलचं काही छापलेलं असेल तर ती वेष्टनाच्या मागे ठेवा. बाहेरचं कव्हर पीव्हीसीचं नको. आपल्या उकाड्यात ते प्लेटवर धुरकट डाग उमटवतं. पॉलिथिनचं किंवा पॉलिप्रॉपिलिनचं घ्या. प्लेटा उभ्या ठेवा, कलंडू देऊ नका.

कोकणात आणि मुंबईत खरी लढाई पावसाळ्याशी. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रण; हातभर अंतर सोडा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून वाळवा. डांबरगोळ्या टाकू नका, तो वास कागदात मुरला की जात नाही. श्रावणात एखाद्या कोरड्या दिवशी सगळी वेष्टनं एकदा बाहेर काढून कसर लागली आहे का ते पाहा.

शेवटचं काम नोंदींचं. प्रत्येक प्लेटचा दोन्ही बाजूंचा रनआउट, किंमत, कुठून घेतली आणि झीज कुठे आहे हे एका वहीत किंवा फाइलमध्ये उतरवा. रनआउट डिस्कॉग्जवरच्या कुठल्याच आवृत्तीशी जुळत नसेल तर नवी नोंद स्वतः भरा, फोटोसकट. एन्जॉय आणि विनलीसारख्या लेबलांची खातेवही कुणी नीट ठेवलेली नाही. आज जी यादी दिसते ती अशाच एकेका माणसाने प्लेट दिव्याखाली धरून भरलेली आहे.